अंगातली कुत्री

सोमवार, २ डिसेंबर २०२४
माळावरची वस्ती, पाटसच्या अलीकडं

हनुमंता,

शिक्रापुरात दुसऱ्या मजल्यावर राहायला गेलेल्या माणसाला आठवण करून द्यावी लागती, म्हणून देते. तुला एक आई हाय. उंच, काळी, नाकात मोरणी, कपाळावर गोंदण. दिवाळी झाल्या झाल्या तुझ्या घरनं बसनं पळून आली ती. सापडली तर कळवा असं तू कुठं सांगितलं न्हाईस, म्हणून मीच कळवते, सापडली.

दुसरी आठवण. मला काय खायला चालत न्हाई ते पुण्याच्या डॉक्टरीणबाईनं तुझ्यासमोर सांगितलं. तू मान डोलावलीस. आन् मग मल्हारीबरोबर पिशवी पाठवलीस त्यात काय? आंब्याचं लोणचं, सुके बोंबील आन् वांगी. अरे, माझ्या जिवावर उठलेले तिघं एका पिशवीत बसवलेस, त्यांची आपसात भांडणं कशी झाली न्हाईत? बोंबील मल्हारीनं खाल्ले, लोणचं अनुपमाच्या घरी दिलं, वांगी मेंढरांनी. सगळे खुशाल हायत.

फोन का करत न्हाई म्हणशील. फोनवर तू मधी बोलतोस. कागदाला मधी बोलता येत न्हाई. मला अक्षर येत न्हाई, तवा पोपटराव पाटलांची सून अनुपमा लिहिती. शिरूरची पोर, शिकलेली. तिला बजावलंय, मी बोलते तसं लिही, माझं बोलणं धुऊन वाळत घालू नको.

आता कामाचं. मल्हारीला तू फोनवर सांगितलंस म्हणं की माघ सरायच्या आत मेंढरं विकायची, आईनं कायमचं शिक्रापूरला यायचं, आन् तवर तिनं बाजेवरनं उठायचं न्हाई. मल्हारी तुझा चुलतभाऊ. मेंढरं राखतो, पण निरोप राखता येत न्हाई त्याला. सगळं तुझ्याच आवाजात सांगितलं. तर मी उठते. रोज उठते, चुलीपाशी न्हाई, कॅनॉलपर्यंत जाते आन् परत येते.

डॉक्टरीणबाईचं बोलणं तू अर्धं ऐकलंस, कारण तवा तू भिंतीकडं बघत हुतास. माणसाच्या अंगात राखणदार पेशी असत्यात. मास्ट पेशी म्हणत्यात त्यांना. आपल्या वाड्यावर कुत्री असत्यात तशा. वंगाळ काय आत शिरलं की ओरडायचं, हे त्यांचं काम. माझ्या अंगात ही कुत्री गरजेपेक्षा लई झाली, आन् सगळी खुळी. लांडगा आला तर भुंका की! पण ही ऊन पडलं तरी भुंकत्यात, धूर आला तरी, लोणचं खाल्लं तरी, अंग चोळलं तरी. ती भुंकली की माझ्या अंगावर गांधी, तोंड लाल, पोटात कळ, आन् पिसाळलीच तर डोळ्यापुढं अंधार. आपण इतकी वर्षं त्याला पित्त म्हणत हुतो.

इथपर्यंत तू ऐकलंस. पुढचं मी सांगते. ती म्हणाली, ह्या दुखण्यात हाडं ठिसूळ व्हत्यात, बसून राहिलं तर आणखी लवकर. तवा चालायचं. जपून, सोबत घेऊन, थोडं थोडं वाढवत, पण चालायचं. तुझा बाप नवं कुत्रं आणलं की त्याला खुंट्याला बांधून ठेवायचा का? रोज मेंढरांमागं थोडं फिरवून आणायचा, मग ते पानाच्या सळसळीला भुंकायचं थांबायचं. तशी मी माझी फिरवून आणते.

सूनबाईला आशीर्वाद. मोनिकाला मुका. तुला काय द्यायचं ते उत्तर आल्यावर ठरवीन.

तुझी आई कुशाबाई

&nbsp;

गुरुवार, १९ डिसेंबर २०२४

हनुमंता,

तुझं उत्तर आलं न्हाई. मोनिकाचा फोन आला. म्हणाली, "आजी, पप्पांनी तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग टीव्हीचा आवाज मोठा केला." म्हंजी पोचलं.

माझं चालणं कसं असतं ते ऐक, म्हंजी टीव्ही बारीक करशील. पहाटेच्या गारठ्यात न्हाई, कारण थंडीला बी ती भुंकत्यात. उन्हं कोवळी असताना. आधी गोळी घ्यायची, ती अंगात भिनेपर्यंत कोकरं मोजत बसायचं. लुगडं सुती, सैल. पोट गच्च न्हाई आन् रिकामं बी न्हाई. पहिलं पाऊल नव्या नवरीचं, मग जरा सासुरवाशिणीचं, आन् घर दिसलं की परत नवरीचं. मधी बाभळीखाली बसायचं. तळहात खाजले की थांबायचं. हे थांबणं मला शिकावं लागलं बघ. जन्मभर मेंढरं थांबली की मी थांबायची. आता मी थांबले की मेंढरं वळून बघत्यात, म्हातारीला काय झालं म्हणून.

एकटीनं जायचं न्हाई ही डॉक्टरीणबाईची अट. म्हणून अनुपमा येती. तिला बी तेवढीच सासूच्या बोलण्यातनं सुटका.

(हे पत्र माझ्या सासूबाईंच्या हाती लागलं तर माझं काय होईल, याचा विचार आजींनी केलेला नाही. — अनुपमा)

माझी कमरेची चंची आठवती? पान-सुपारीची? आता त्यात ते जीव वाचवायचं इंजेक्शन असतं. कुत्री पिसाळली, श्वास अडकला, चक्कर आली, तर अनुपमानं मांडीत टोचायचं आन् सरळ दवाखाना गाठायचा. नर्सनं तिला शिकवलं. घरी येऊन तिनं रिकाम्या सुईनं दुधी भोपळ्यावर हात बसवला. एवढं टोचलं त्याला की मला दया आली. संध्याकाळी त्याची भाजी केली. मी म्हणलं, आता ह्या दुधीला कसलाच रोग व्हायचा न्हाई.

परवा पाटलांच्या शेजारच्या रानात ऊस तुटून गेल्यावर पाचट पेटवलं. जरा धूर आला. मी जरा बसले. मग उठले आन् घरी आले. एवढंच.

(काका, एवढंच नाही. आजींनी सांगितलं तसं मी लिहिलं, पण मला ते तसंच सोडवत नाही. धुरानं त्यांचा चेहरा आणि गळा लालभडक झाला, हात खाजायला लागले, पोटात कळा आल्या. मी इंजेक्शन चंचीतून काढून हातात धरलं होतं. त्यांना धुरापासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला नेलं, डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सांगितलेली जादा गोळी दिली. हळूहळू उतरलं. टोचावं लागलं नाही. घरी जाताना मी रडत होते आणि त्या मला हसत होत्या. — अनुपमा)

ही पोरगी मघाधरनं काय लिहिती, देवाला ठाऊक. इचारलं तर म्हणती, "खुशाली लिहितेय, आजी." माझी खुशाली दोन बोटांची. ही हातभर कशी झाली?

कुशाबाई

&nbsp;

बुधवार, १५ जानेवारी २०२५

हनुमंता,

अनुपमानं चुगली केली हे मला तुझ्या खुर्चीनं सांगितलं.

काल संक्रांतीला टेम्पो आला. मला वाटलं तिळगूळ आला. चौघांनी मिळून खुर्ची उतरवली. केवढी रे ती! आपल्या देवळातला देव सुद्धा एवढ्या जागेत बसत न्हाई. दांडा ओढला की माणूस आडवा, पाय वर. मल्हारी बसला आन् त्याला उठताच येईना. "काकू, ओढ मला," म्हणून ओरडाय लागला. पोपटराव पाटील बघायला आले. त्यांनी खुर्चीभोवती एक फेरी मारली आन् म्हणाले, "कुशाबाई, निवडणुकीला उभी राहतेस का काय?"

मी बसून बघितलं, न्हाई म्हणणार न्हाई. रेक्झिन तापलं, पाठीला घाम आला, घामानं गांधी उठल्या. तुझ्या खुर्चीत बसून बी माझी कुत्री भुंकली, हनुमंता. आता बोल. सध्या तिच्यात पांढऱ्या मेंढीचं कोकरू झोपतं. त्याला पाय वर करून झोपायला आवडतं.

खुर्चीबरोबर तुझा निरोप आला. माघी पुनव झाली की व्यापारी मेंढरं बघायला येणार. म्हंजी तू ऐकणार न्हाईस. मग मला बी जे बोलायचं न्हवतं ते बोलावं लागणार. अनुपमाला सांगितलंय, मान खाली घालून लिही आन् मधी खुशाली घालू नको.

मोनिकानं मला सांगितलं की तुझ्या आबांची घोंगडी तुझ्या गाडीच्या डिकीत असती. बाजार केला तर पिशव्या पोरीच्या मांडीवर येत्यात, पण घोंगडी तू काढत न्हाईस. घरात नेत न्हाईस, टाकून देत न्हाईस.

श्रावणात मी रानातनं लाल होऊन आले. तू सुट्टीवर आला हुतास. तू माझ्या अंगाला आमसूल चोळलंस, राख लावलीस, त्या घोंगडीत गच्च गुंडाळलंस आन् चुलीजवळ बसवलंस. मी "सोड रे" म्हणत हुते, तू म्हणत हुतास, "आये, जरा दम धर, आबा असंच करायचे." मग मला काय आठवत न्हाई. दवाखान्यात डोळे उघडले तर तू पायाशी बसलेला, दाढीला राख लागलेली, आन् ती पुसायचं बी तुला भान न्हवतं.

आबा असंच करायचे. खरंच करायचे. त्यांचा बाप बी तसंच करायचा. धनगराच्या घरात पित्त उठलं की घोंगडी, हे आपल्याला कुणी शिकवलं न्हाई, ते घोंगडीसारखंच पाठीवर आलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, चोळणं आन् ऊब म्हंजी त्या कुत्र्यांना दगड मारणं. आपल्याला काय ठाऊक? तुझ्या आबांनी गुंडाळलं तवा मी तगले, तू गुंडाळलंस तवा पडले. तुझ्या बापाला त्याचा कुणी दोष दिला न्हाई. तू मात्र तो डिकीत घालून हिंडतोस.

मला बाजेवर बसवून तो उतरणार न्हाई, बाळा. आन् घोंगडीचा राग मेंढरांवर काढू नको. त्यांनी नुसती लोकर दिली.

तिळगूळ पाठव म्हणणार हुते. पण तू लोणच्यात बुडवून पाठवशील.

आई

&nbsp;

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

हनुमंता,

पत्र वाचून तू खाली गेलास आन् गाडी चालू न करता गाडीत बसून राहिलास म्हणं. मोनिका सगळं सांगती. पोलिसात भरती व्हायचंय तिला, आत्तापासूनच पाळत ठेवती.

आज थोडक्यात. पोपटराव पाटलांचा ऊस कारखान्याला गेला, रान मोकळं झालं. लेंडीखतासाठी त्यांनी आपली मेंढरं रानात बसवायला बोलावलीत. पुढल्याच्या पुढल्या रविवारी, पुनव झाल्यावर, माळावरनं कॅनॉलच्या कडंकडंनं मेंढरं न्यायची. रोजच्यापेक्षा वाट लांब हाय. मी पुढं चालणार.

तू ये. मागनं चाल. मला उचलायला धावायचं न्हाई, हातात हात धरायचा न्हाई, नुसतं बघायचं.

मी पडले, सुई टोचावी लागली, तर मेंढरं वीक. मी त्या खुर्चीत बसून शिक्रापूरला येते, टेम्पोत, गावासमोरनं. रुसणार न्हाई. आन् मी चालत पोचले, तर व्यापाऱ्याला तूच परत पाठवायचंस.

डॉक्टरीणबाईला फोनवर इचारलंय. म्हणाली, गेले दोन महिने वाढवत आणलंय तर जा, उन्हं चढायच्या आत पोचा, थांबत थांबत जा, अनुपमाला अन् इंजेक्शनला सोडू नका. पैज लाव असं ती म्हणाली न्हाई. तेवढं माझं.

येताना खायला काय आणू नको. माझ्यावर उपकार व्हतील.

आई

&nbsp;

मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

हनुमंता,

तू म्हणशील, परवा मी तिथंच हुतो, मग हे लिहितीस कशाला? तू हुतास. पण निम्मा वेळ तुझे डोळे भरलेले, आन् निम्मा वेळ तुला दम लागलेला. तवा तुला काय दिसलं असणार? म्हणून मी बघितलेलं सांगते.

तू गाडीनं आलास आन् मेंढरांच्या मागं गाडी चालवाय लागलास. वर हॉर्न. मल्हारी म्हणाला, "दादा, हॉर्न बंद कर, मेंढ्यांना वाटतंय नवा एडका आलाय." तवा कुठं उतरलास. उतरून डिकी उघडलीस आन् घोंगडी खांद्यावर टाकलीस. का, ते मी इचारलं न्हाई. तुला बी ठाऊक नसंल. बापासारखाच दिसत हुतास, पायातले कंपनीचे बूट सोडले तर.

कॅनॉलच्या वळणापर्यंत मी झकास हुते. माझा श्वास नीट, तुझा भात्यासारखा. अनुपमा मला हळूच म्हणाली, "आजी, इंजेक्शन कुणाला द्यायचं, तेवढं आधी सांगा."

मग ती काळी मेंढी वाटेतच व्याली. आता मेंढीला काय सांगायचं, आमची पैज हाय, दम धर? थांबलो. कोकरू उभं राहीपर्यंत उन्हं वर आली. ते कोकरू तू उचललंस, शर्टाला सगळं लागलं, तरी उचललंस. हे मी बघितलं.

निघालो, आन् बाभळी मागं पडल्यावर माझे तळहात खाजाय लागले. मग कान तापले. मी अनुपमाला खूण केली आन् तिथंच खाली बसले. सावली कुठंच न्हाई. अनुपमानं चंची सोडली, पाणी दिलं, गोळी दिली. तुझ्याकडं कुणाचं ध्यान न्हवतं, फक्त माझं हुतं. तू कोकरू मल्हारीकडं दिलंस, खांद्यावरची घोंगडी दोन्ही हातांनी उलगडलीस आन् माझ्याकडं धावलास. तेच हात, तीच घोंगडी. दोन पावलांवर येऊन थांबलास. तुझं तोंड असं झालं की मी माझी खाज विसरले.

थांब, असं ओरडणार हुते. पण तुझं तुलाच उमगू दे म्हणलं.

मग तू हात वर केलेस. घोंगडी डोक्याच्या वर ताणून धरलीस आन् माझ्या अंगावरचं ऊन अडवून उभा राहिलास. एक दशी सुद्धा मला लागू दिली न्हाईस. त्या घोंगडीत मी बाळंत झाले, त्या घोंगडीत मरता मरता वाचले, पण तिची सावली एवढी मोठी असती हे मला पहिल्यांदा कळलं. "आबा असंच करायचे" असं तू म्हणाला न्हाईस. कारण आबांनी असं कधी केलंच न्हवतं. हे तुझं हाय.

कुत्री भुंकली, गुरगुरली, आन् हळूहळू बसली. सुई लागली न्हाई. तुझे हात भरून आले हुते ते मला दिसत हुतं. खरं सांगू? मला बरं वाटल्यावर सुद्धा मी जरा जास्तच बसले. छान वाटत हुतं.

मग उठले, चालले, आन् पाटलांच्या रानात पोचले. तू बांधाआड जाऊन व्यापाऱ्याला फोन केलास. मला ऐकू येत न्हाई असं तुला वाटतं. "सध्या न्हाई विकायची," म्हणालास. सध्या तर सध्या. मी बी सध्याच जगते.

तुझं बी एक ऐकते, म्हंजी आईनं जिंकून पोराला रडवलं असं कुणी म्हणायला नको. चैत्र-वैशाखात हितलं ऊन मला झेपायचं न्हाई, ते मला परवा कळलं. तेवढे दोन महिने मी शिक्रापूरला येते. तुमच्या बिल्डिंगखाली गाड्या लावायची जागा गार असती, सकाळी तिथं चालीन. वॉचमनला आधीच सांगून ठेव, गाड्यांमधनं एक म्हातारी हिंडताना दिसंल, ती चोर न्हाई. खुर्ची मात्र परत पाठवू नको. कोकरू आता दुसऱ्या कशावर झोपत न्हाई.

घोंगडी हितंच राहिली तुझी. चुलीपासनं लांब, खुंटीला अडकवलीय. पुढच्या वेळी लागंल.

पुढची वेळ म्हंजी येता रविवार. अनुपमा माहेरी शिरूरला चाललीय, आन् एकटीनं चालायचं न्हाई हे ठरलेलं. तवा तू ये. मल्हारीला मेंढरांमागनं हलता येत न्हाई. तोंड वाकडं करू नको, तुझी अडचण मला ठाऊक हाय. शाळेत लस टोचायला यायचे तवा तू ज्वारीच्या कणगीत लपायचास, मी बाहेर उभी राहून तू घरात न्हाईस म्हणून सांगायची. आता कणगी न्हाई. शिकावंच लागंल. अनुपमा शनिवारी शिरूरच्या बसला बसायच्या आधी दाखवून जाईल, तवा शनिवारीच ये.

सूनबाईला सांग, डबा करून देऊ नको. शिक्रापूरपासनं हितं येईपर्यंत शिळा होतो, आन् शिळं मला चालत न्हाई. लोणचं न्हाई, बोंबील न्हाई, वांगी तर न्हाईच. फक्त दुधी पाठव म्हणावं. कोवळे, नख रुतंल असे, त्याच दिवशी बाजारातनं घेतलेले. दोन. एक मला भाजीला, एक तुला टोचायला.

आई